खळ्यावरची भाषा : सातारा-सांगलीकडील सुगीचे वाक्प्रचार आणि चिनी परंपरा

‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण ठाऊक नसलेला मराठी माणूस सापडणे कठीण. धम्मवर्गात कर्मसिद्धान्त समजावून सांगताना आम्हीही वर्षानुवर्षे तिचाच आधार घेत आलो. बीज जसे तसे फळ, ही उपमा संयुत्तनिकायात आहे. आंब्याच्या कोयीतून बाभूळ उगवत नाही एवढे सांगितले की श्रोत्यांना विषय कळतो, अशी आमची समजूत होती. कराड तालुक्यातील एका विहारात वर्षावासाच्या प्रवचनमालेत मात्र एका वयोवृद्ध उपासिकेने आम्हांस अडविले. पेरणी, भांगलण, काढणी, मळणी ही सारी कामे आपण जन्मभर केली, उगवलेलेही डोळ्यांनी पाहिले, पण ते दुसऱ्याच्या कणगीत गेले. मग ही म्हण नेमकी कोणाची, असे तिने विचारले. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर तिला पटले नाही आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही पटले नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

शेतीतून जन्मलेल्या वाक्प्रचारांचा विचार करताना आम्ही चीनकडे वळलो, त्याला कारण आहे. बौद्ध धम्म ज्या देशांत रुजला त्यांत चीन हा आपल्याइतकाच शेतीवर जगणारा देश. तेथील भाषेत शेत, रोप, धान्य आणि सुगी यांवरून आलेले वाक्प्रचार विपुल आहेत. बहुधा चार अक्षरांत बसणाऱ्या या ठाशीव प्रयोगांना तेथे ‘चेंग-यू’ म्हणतात. अनेकदा त्या चार अक्षरांमागे एक जुनी कथा असते. मेन्शियसच्या ग्रंथात अशी एक आहे. सोंग राज्यातील एका शेतकऱ्याला आपली रोपे लवकर वाढत नाहीत असे वाटले. त्याने एकेक रोप थोडे वर ओढले, दमून घरी आला आणि आज आपण पिकाला वाढण्यास मदत केली असे सांगू लागला. मुलगा शेतात धावत जाऊन पाहतो तो रोपे वाळून गेलेली. ‘रोपे ओढून वाढविणे’ हा प्रयोग उतावळेपणासाठी आजही रूढ आहे. हान फेईच्या ग्रंथातील दुसऱ्या शेतकऱ्याच्या शेतात एक ससा झाडाच्या बुंध्यावर आदळून मेला. तेव्हापासून औत टाकून तो दुसऱ्या सशाची वाट पाहत बुंध्याजवळच बसला. ‘बुंध्याशी सशाची वाट पाहणे’ म्हणजे काम सोडून दैवावर विसंबणे.

या दोन्ही कथांतील मूर्ख शेतकरी सोंग राज्याचाच आहे, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. चौ घराण्याने शांग घराण्याचा पराभव केला. त्या पराभूतांच्या वंशजांना जे राज्य मिळाले ते सोंग. पुढील काळातील ग्रंथकारांना एखादा बावळट माणूस हवा असला की ते सोंगचा माणूस आणीत. म्हणीला नीती शिकवावयाची असते हे खरे, परंतु त्यासाठी ती कोणाला हसते हेही पाहिले पाहिजे. आपल्याकडील ‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण शाळांतील म्हणींच्या यादीत अनेक पिढ्या निमूटपणे घोकली गेली. चांगल्याबरोबर वाईटही असावयाचेच, असा तिचा अर्थ मुलांकडून लिहून घेतला जाई आणि लिहिणाऱ्यांत महारवाड्यातील मूलही असे. सोंगच्या शेतकऱ्याला निदान स्वतःचे शेत तरी होते.

आता सातारा-सांगलीच्या खळ्याकडे येऊ. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कृष्णाकाठची बोली आणि शेतीचे शब्द दोन्हीकडे एकच आहेत. शाळू काढून झाला की जमीन चोपून, पाणी शिंपून, शेणाने सारवून खळे करीत. मधोमध तिवडा रोवून त्याला बैलांची पात बांधीत. बैल गोल फिरून कणसे तुडवीत. मग वाऱ्याची दिशा पाहून वावडीवर उभे राहून धान्य उफणले जाई आणि अखेरीस रास पडे. यंत्रे आल्यापासून हे दृश्य जवळजवळ नाहीसे झाले, ऊस वाढल्यावर तर कित्येक शिवारांतून शाळूच गेला. पण भाषेत खळे अजून आहे. एखाद्या कामाचे ‘मातेरे झाले’ असे आपण म्हणतो. मातेरे म्हणजे रास उचलल्यावर खळे झाडताना निघणारे, मातीत मिसळलेले धान्य. मालकाच्या दृष्टीने ते वाया गेलेले, म्हणून वाक्प्रचारातही ‘वाया जाणे’ हाच अर्थ स्थिरावला. परंतु तेच मातेरे पाखडून, धुऊन, निवडून ज्यांची चूल पेटे, त्यांच्या भाषेत या शब्दाला असा अर्थ आला नसता. भाषेत कोणाचा अर्थ टिकतो, हे या एका शब्दावरून ध्यानात यावे.

‘पेव फुटणे’ हाही असाच शब्दप्रयोग. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले धान्याचे कोठार. तोंड लहान, पोट मोठे, आत हवा नाही. ते उघडले की धान्यच धान्य दिसे. म्हणून एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला की तिचे पेव फुटले असे म्हणू लागले. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे हळद साठविण्याची अशी पेवे मोठ्या संख्येने होती आणि सांगलीच्या हळदीच्या बाजारपेठेचा तो मोठा आधार होता. उघडलेल्या पेवात लगेच उतरणे जिवावर बेतणारे असे. आतली कोंडलेली हवा निघून जाऊ द्यावी लागे. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेवे मात्र पूर्वीसारखी राहिली नाहीत. महारकीच्या जुन्या हक्कांत खळ्यावर सांडलेल्या धान्याबरोबर पेवाच्या तळाशी उरलेल्या, ओल लागून खराब झालेल्या धान्याचाही उल्लेख येतो. पेव फुटे ते वरच्यांसाठी. खालच्यांच्या वाट्याला त्याचा तळ येई.

बलुत्याची व्यवस्था याच खळ्यावर उभी होती. मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, बलुतेदारांच्या तीन ओळी दिल्या आहेत. थोरल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. मधल्या ओळीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. आणि धाकट्या ओळीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. हे वाचून पहिल्या प्रथम आम्हांस आश्चर्य वाटले. भट धाकट्या ओळीत आणि महार थोरल्या ओळीत! गावाला ज्याच्या कामावाचून चालत नसे त्याचा वाटा मोठा, हे कागदावर मान्य होते. खळ्यावर मात्र थोरल्या ओळीचा हा मानकरी राशीला शिवू शकत नव्हता. दूर उभे राहून पदर किंवा घोंगडी पसरावी आणि वरून पडेल ते घ्यावे, ही रीत होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या देण्याघेण्याचे तपशीलवार वर्णन आहे. ग्रंथ मोलाचा आहे, पण तो कुणब्याच्या बाजूला उभा राहून लिहिलेला आहे. खळ्यावर मागणाऱ्यांची गर्दी त्यांना जशी दिसते, तसे मागणाऱ्याच्या डोळ्यांना खळे कसे दिसे हे त्यात येत नाही. ते यावयाला दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) निघावे लागले. ज्या शब्दाने वाटा मिळे तोच शब्द त्यांनी आत्मकथनाला दिला.

न राबता खाणाऱ्याला मराठीत ‘आयतोबा’ म्हणतात. ‘आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे’ असेही म्हणतात. गंमत अशी की हा आरोप भगवान बुद्धांवरही झाला होता. मगधातील दक्खिणागिरी प्रदेशात एकनाला नावाच्या ब्राह्मणग्रामात कसिभारद्वाज पाचशे नांगर जुंपून पेरणी करवीत होता. भिक्षेसाठी उभ्या राहिलेल्या तथागतांना तो म्हणाला की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही तसेच करा. बुद्धांनी आपणही शेतकरीच आहोत असे उत्तर दिले. श्रद्धा हे बी, तप ही पर्जन्यवृष्टी, प्रज्ञा हे जू आणि नांगर, लज्जा हा इसाड, स्मृती हा फाळ, असे ते रूपक आहे. त्यानंतरचा भाग सांगण्याचे बहुतेक प्रवचनकार विसरतात. संतुष्ट झालेल्या ब्राह्मणाने खीर पुढे केली तेव्हा बुद्धांनी ती घेतली नाही, कारण गाथा म्हणून मिळविलेले अन्न त्यांना चालत नव्हते. सुंदर रूपक हे नांगरणीच्या मोबदल्यात खपविता येत नाही, असे त्यांनी स्वतःच मानले, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

चीनमध्ये हाच प्रश्न कन्फ्यूशियसच्या शिष्याला एका वृद्ध शेतकऱ्याने विचारल्याची कथा आहे. हातपाय हलवीत नाही, पाच धान्यांतील भेद ओळखता येत नाही, असा तुझा गुरू कोण, असे त्याने ऐकविले. त्याच शब्दांपासून बनलेला वाक्प्रचार आजही पुस्तकी विद्वानाला उद्देशून वापरतात. अशा देशात भिक्षापात्र घेऊन हिंडणाऱ्या भिक्खूंवर टीका होणे अपरिहार्य होते. पुढे ध्यानसंप्रदायाने या टीकेला कृतीने उत्तर दिले. ८१४ मध्ये निर्वाण पावलेले आचार्य पाइचांग वृद्धापकाळीही शिष्यांबरोबर शेतात राबत. शिष्यांनी दया येऊन त्यांची अवजारे लपविली, तेव्हा त्यांनी अन्न घेण्याचे नाकारले. ‘एक दिवस काम नाही, तर एक दिवस जेवण नाही’ ही चिनी म्हण त्यांच्या नावाने चालते. विनयाच्या दृष्टीने भूमी खणणे भिक्खूला वर्ज्य, हे खरे. तरीही पाइचांगांचे उत्तर कसिभारद्वाजाला अधिक लवकर पटले असते, असे आम्हांस वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्या दख्खनमध्ये संघाने दुसरा मार्ग धरला. भारहूतच्या शिलालेखांत करहाकट या नगराच्या दानाची नोंद आहे. ते करहाकट म्हणजे आजचे कराड. कराडजवळील आगाशिवच्या डोंगरात जो भिक्खुसंघ राहिला, त्याच्या भोजनाची सोय आसपासच्या शिवारानेच केली असणार. शेतदान कसे होई हे नाशिकच्या लेण्यांतील लेखांत स्पष्ट दिसते. उषवदाताने एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना शेत विकत घेतले, ते आपल्या लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंना त्यातून अन्न मिळावे म्हणून. गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख तर अधिक बोलका आहे. पूर्वी कखडी गावात भिक्खूंना दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतापैकी शंभर निवर्तने जमीन देण्यात येत आहे, असे त्यात म्हटले आहे. संघाला ‘पुण्यक्षेत्र’ म्हणतात. चिनी बौद्धांनी त्याचे ‘फू-थिएन’, म्हणजे पुण्याचे शेत, असे भाषांतर केले आणि भाताच्या खाचरांप्रमाणे तुकडे जोडून शिवलेल्या चीवराला ‘पुण्यशेताचे वस्त्र’ म्हटले. परंतु कसणारा माणूस नसेल तर शेत पुण्याचे असूनही पिकत नाही, हे सातवाहनांच्या दप्तराला नीट कळले होते.

या कसणाऱ्याचे पुढे काय झाले, याची साक्ष चिनी प्रवाशानेच ठेवली आहे. ३९९ मध्ये चीनमधून निघालेला फाहियान मध्यदेशाविषयी लिहितो की राजे व श्रेष्ठी यांनी विहारांना शेते, घरे, बागा दिल्या, त्यांबरोबर कसणारी माणसे व बैलही दिले, आणि ही दाने धातूच्या पत्र्यांवर कोरून ठेवली. माणसे आणि बैल एका ओळीत. त्याच प्रवासवर्णनात चांडाळांना गावाबाहेर राहावे लागते आणि नगरात येताना लाकूड वाजवून आपली चाहूल द्यावी लागते, हेही आहे. सुमारे ६४१ च्या काळात महाराष्ट्रात आलेला ह्यूएन-त्संग येथील जमीन सुपीक व पीक भरपूर असल्याचे सांगतो. पीक कोणाच्या घरात जाते, हे त्याच्या नोंदीत नाही.

भरपूर पिकाचे हे वर्णन साताऱ्याच्या पूर्वेस लागू पडत नाही. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा पट्टा अवर्षणाचा. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण मराठी मुलुखात सर्वत्र आहे, पण तिची धार या भागात कळते. अधिकमास साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. वर्षाच्या हिशेबाने मिळालेले धान्य मात्र बारा महिन्यांचेच असते. १८७६-७८, १८९६-९७, पुढे १९७२, असे दुष्काळ या भागाने पाहिले. अशाच एका दुष्काळात खटाव तालुक्यात लोकांना काम देण्यासाठी सरकारने तलाव खोदण्यास घेतला आणि तेथे रोखपाल म्हणून रामजी सकपाळ यांची नेमणूक झाली. त्यांना भेटण्यासाठी बाल भीमराव १९०१ मध्ये भावंडांसह साताऱ्याहून निघाले, मसूर स्थानकावर उतरले आणि जात कळताच गाडीवानांनी त्यांना नाकारले. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर, ती मुले रात्री उशिरापर्यंत प्रवास करीत राहिली. जवळ अन्न होते, पण प्यावयास पाणी कोणी दिले नाही, म्हणून जेवता आले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्या रात्री मुलांच्या डब्यातील अन्नाची अडचण पावसामुळे किंवा पिकामुळे आलेली नव्हती.

येथे आम्हांस दोन कथा शेजारी ठेवाव्याशा वाटतात. पहिली फाहियानची. तो श्रामणेर असताना सोबत्यांसह भातकापणी करीत होता; भुकेले चोर धान्य लुटण्यास आले. इतर श्रामणेर पळाले, फाहियान एकटा उभा राहिला. धान्य हवे तर न्या, पण पूर्वी दान केले नाही म्हणून आज तुमची ही दशा आहे. आता पुन्हा लुटाल तर पुढे याहून वाईट दिवस येतील, असे त्याने सांगितले. चोर धान्य तेथेच टाकून निघून गेले. चिनी चरित्रकार ही कथा कौतुकाने सांगतात. दुसरी कथा वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) कादंबरीची. दुष्काळात माणसे मरू लागली तेव्हा तिचा नायक उपाशी वस्तीसाठी धान्य लुटतो. कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. फाहियानच्या धैर्याविषयी आम्हांस आदर आहे आणि त्याच्या बोलण्यात करुणाही असेल. परंतु रिकाम्या पोटी माघारी गेलेल्या त्या माणसांनी त्या रात्री काय खाल्ले, हे चरित्रकार सांगत नाही. चिनी बौद्ध उपदेशात ‘खरबूज पेरले तर खरबूज, घेवडा पेरला तर घेवडा’ ही म्हण सर्रास येते. पेरणाऱ्याला ती जबाबदारी शिकविते. उपाशी माणसाला तीच म्हण सांगितली की तो आरोप होतो.

बुद्धांनी ती अशी वापरली नव्हती, हे मोळियसीवकाला दिलेल्या उत्तरावरून दिसते. मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, या मताविषयी त्याने विचारले असता बुद्धांनी ते मत नाकारले. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूचा पालट, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात, अशी कारणे सांगून कर्मविपाक हे त्यांनी आठवे कारण म्हणून दिले. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची जी चिकित्सा केली, ती याच दिशेने जाते. दरिद्री व पददलितांच्या स्थितीबद्दलच्या जबाबदारीतून राज्याला व समाजाला मोकळे करणारा अर्थ बुद्धांना अभिप्रेत असणे त्यांना शक्य वाटले नाही. त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, तेव्हाही प्रश्न खळ्याचाच होता. सरकारी काम करणाऱ्याचे वेतन रयतेच्या मर्जीवरील बलुत्यात का असावे, असे त्यांचे म्हणणे होते. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या नवदीक्षितांनी येसकरकी आणि भाकरी मागणे सोडले, आणि वतने कायद्याने संपण्यास १९५८ उजाडले.

पुढील वर्षावासात आम्ही त्याच विहारात सीवकसुत्त वाचले. ती उपासिका पुढेच बसली होती. ऋतूच्या पालटाचे कारण तिने मान हलवून मान्य केले. बहात्तरचा दुष्काळ तिने पाहिला होता. मग खळ्यावर धान्य मोजताना अधोली कधी शिगेला जात नसे, ते या आठांपैकी कोणत्या कारणात बसते, असे तिने विचारले. आम्ही यादी पुन्हा वाचली आणि सातव्या कारणाशी, बाहेरून झालेल्या आघाताशी, थांबलो.